मागच्या पडवीतली चूल

चूल बांधायला बसलं की आपलं तोंड भिंतीकडे असतं आणि पाठ माणसांकडे. मला ते काम आवडलं त्याचं खरं कारण हेच. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. लग्नात नाव घ्यायची पाळी आली तेव्हा मी इतका वेळ गप्प उभी राहिले की शेवटी नणंदेनंच माझ्या वतीनं नाव घेतलं आणि सगळी माणसं हसली. शाळेत चौथीपर्यंत गेले, तिथेही शेवटच्या ओळीत बसायचे. अशा माझ्या हातून एक काम असं झालं की ज्यात दिवसभर परक्या बायकांशी बोलायचं होतं. गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक मुलगी येऊन गेली आणि ते सगळं आठवलं, म्हणून ही वही काढली. त्या मुलीचं शेवटी लिहीन. वही कुणाला दाखवायची नाही, कपाटात लुगड्यांच्या खाली राहील.

आमचं गाव वडखळच्या खाली, खाडीच्या बाजूला. आमचे हे मिठागरावर कामाला होते. माझं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूला, भाताचं आणि वालाचं गाव. नव्वदच्या पुढची ती वर्षं. तेव्हा गावोगाव बिनधुराच्या चुलीची योजना आली. प्रत्येक गावातून एका बाईनं पेणला जाऊन चूल बांधायला शिकायचं होतं. आमच्या गावातून सरपंचांची बायको जाणार होती, तिचे गुडघे धरले म्हणून मला पाठवलं. मी जाताना रडत गेले. येताना मात्र पत्र्याचा साचा, थापी आणि ओळंबा पिशवीत घेऊन आले आणि एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

ही चूल कशी असते ते आधी लिहून ठेवते. आपली जुनी चूल म्हणजे तीन दगड, नाहीतर मातीचं घोड्याच्या नालासारखं उघडं तोंड. धूर सगळा घरात. ह्या नव्या चुलीला दोन भोकं. पुढच्या भोकाखाली जाळ, आणि मातीच्या आतून एक बोगदा मागच्या भोकापर्यंत गेलेला, म्हणजे पुढे भात शिजतो तोवर मागे आमटी गरम होते. तिथून धूर नळीत शिरतो आणि कौलांतून वर जातो. माती, शेण आणि भाताचं तूस एकत्र करून दोन दिवस भिजवायचं, साच्याभोवती थापायचं, साचा अलगद काढून घ्यायचा. अवघड काम नळीचं. नळी जरा कलली तर धूर उलटा घरात येतो. म्हणून ओळंबा लागतो. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन गवंडी लोक भिंतीला लावतात, मी चुलीच्या नळीला लावायचे.

चूल झाली की तिच्या तोंडाखाली ओल्या मातीत मी दोन बोटं दाबायचे. सही म्हणून. पेण तालुक्यात आणि माहेरच्या बाजूला रोह्याकडे अशा पुष्कळ चुली झाल्या. कुणाच्या घरी गेले आणि त्या दोन बोटांच्या खुणा दिसल्या की बरं वाटायचं. तोंडानं काही बोलायला नको, बोटं बोलतात.

अनुराधा मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एका घरी नळीच बसवत होते. मुंबईच्या कॉलेजातून आलेल्या, पंचवीस-सव्वीसच्या, खांद्याला शबनम. रोह्याजवळ वरसे गावात खोली घेऊन राहिल्या होत्या. योजनेच्या साहेबांनी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. त्यांना घरोघरी फिरायला बरोबर एक बाई हवी होती, घरं माहीत असलेली आणि इथलं बोलणं समजावून सांगणारी.

"कशाचा अभ्यास करायचाय?" मी भिंतीकडे बघतच विचारलं.

"तंत्रज्ञानाचा."

"मग धाटावला कंपन्या हायत, तिकडं जा. इथं काय, चुली नि मिठागरं."

"चूलच बघायचीय मला. चूल पण तंत्रज्ञानच."

मला हसू आलं. मी म्हटलं, दोन तासांत बांधून होते, बसा, दाखवते. तर त्या म्हणाल्या, "बांधायची कशी ते नको, यमुनाताई. तुम्ही बांधून निघून गेल्यावर घरात तिचं पुढे काय होतं, ते बघायचंय."

मग त्यांनी त्यांचा सिद्धांत सांगितला. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वस्तू बनवणाऱ्याला वाटतं, आपण बनवली आणि काम संपलं. तसं नसतं. वापरणारी माणसं ती पुन्हा बनवतात. कुणी दुसऱ्याच कामाला लावतं, कुणी मोडून जोडतं, कुणी कोपऱ्यात ठेवतं. घराघरात कुणाचं चालतं, कुणाचं चालत नाही, त्यावर ते ठरतं. त्यामुळे एकच वस्तू दहा घरांत दहा वस्तू होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुमाला उत्तर ठाव हाय तर आलात कशाला?"

बोलून माझी मलाच लाज वाटली. पण मॅडम रागावल्या नाहीत. माझ्या हातातल्या दोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही दोरी नळी उभी करते का?"

"नाय. नळी मीच उभी करते. कुठं कलली ते दोरी सांगते."

"माझा सिद्धांत तसा. उत्तर देत नाही. कुठे बघायचं ते सांगतो."

हे मला समजलं. पुढे त्यांच्या जाड पुस्तकांतलं दुसरं काही समजलं नसेल, पण हे पक्कं समजलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले.

विचारण्याचं काम पण शिकावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. चूल चांगली आहे का, असं कधी विचारायचं नाही. पाहुण्याला कोण बाई वाईट आहे म्हणेल? विचारायचं, आज उठल्यापासून काय काय केलं. मग गप्प बसायचं. बाई थांबली तरी आपण बोलायचं नाही, ती पुढचं सांगते. मॅडमना हे गप्प बसणं जड जायचं, मला मुळीच नाही. माझ्यासमोर बायका उगाचच जास्त बोलायच्या. मॅडम म्हणायच्या, तुमच्याइतकी चांगली विचारणारी मी पाहिली नाही, आणि तुम्ही विचारत तर काहीच नाही.

आणि एक नियम होता. प्रत्येक घराच्या पानावर शेवटी लिहायचं, या घरात कोण होतं पण बोललं नाही. सिद्धांतात म्हणे ते फार महत्त्वाचं. जो बोलत नाही त्याच्यापाशी अर्धी गोष्ट राहते.

कधी पुरुषच सगळं बोलायचे. माझ्या माहेरगावचा एक जण ओटीवर बसून म्हणाला, "आमच्यात चूल एक नंबर चालते. घ्या लिहून."

मॅडमनी विचारलं, "सकाळचा चहा कुठल्या भोकावर झाला?"

"भोकावर? चहा कपात झाला."

दाराआडून बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "धनी चुलीपर्यंत आले कवा, ते आदी विचारा व्हय."

तो उठून गोठ्याकडे गेला तो आम्ही जाईपर्यंत आला नाही.

दोन महिने असे गेले. वीसेक घरं झाली. सगळीकडे माझ्या चुली चालू होत्या. स्वच्छ सारवलेल्या, कडेनं पांढरी रेघ ओढलेली, मागच्या भोकावर चहाचं भांडं. मॅडम फोटो काढायच्या. मी कोपऱ्यात बसून माझी दोन बोटं बघायचे.

त्यातच एकदा योजनेचे साहेब पेणला भेटले. म्हणाले, मॅडमचा अहवाल चांगला आला तर रोह्याला बायकांचा वर्ग काढू, आणि शिकवायला तुम्हीच. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. चौथी झालेली मी, आणि वर्गात पुढे उभी राहून शिकवणार. बोलायची भीती वाटत होती, पण चूल बांधता बांधता बोलेन, भिंतीकडे तोंड करून, असं मी मनात ठरवून पण टाकलं.

एका दुपारी मॅडमच्या वरशाच्या खोलीवर आम्ही वह्या लावत बसलो होतो. त्या बराच वेळ पानं उलटत होत्या. मग म्हणाल्या, "यमुनाताई, मला भीती वाटतेय."

"काय झालं?"

"सगळ्या जणी एकच बोलतात. शब्द पण तेच. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, दोन पदार्थ होतात. खाडीकडे तेच, रोह्याकडे तेच. दहा घरांत दहा चुली दिसायला हव्या होत्या, मला एकच दिसतेय. एकतर सिद्धांत चुकलाय, नाहीतर मी." वही मिटून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात कॉलेजातल्या सरांना दाखवायचंय. दिसलं ते लिहावंच लागेल. लोकांनी चूल जशीच्या तशी स्वीकारली, असं."

मला बोलायला हवं होतं. मी पानं जुळवत राहिले.

कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे कुणाच्या चुलीपर्यंत न सांगता जात नाहीत. ओटीवर बसावं, पाणी प्यावं, पण आत चुलीशी परकं माणूस न्यायचं तर आदल्या दिवशी कळवावं लागतं. घर कसं पण असतं, राख काढलेली नसते, बाईच्या अंगावर जुनेर असतं. तिला खजील करू नये म्हणून कळवायचं. ही आमची रीत. त्यामुळे मॅडम उद्या कुठं जायचं म्हणाल्या की मी हिराबायला निरोप द्यायचे. हिराबाय सुकी मासळी विकायची. पेण स्टेशनातून गाडी धरून कधी रोह्याकडे जायची, कधी टोपली घेऊन खाडीकडच्या गावांत फिरायची. ती दारात सोडे मोजता मोजता सांगायची, "उंद्या यमू येतेय गो, मुंबईची बाय घेऊन. चूल बगायला."

मग बायका काय करणार? चूल सारवणार, रेघ ओढणार, पेटवणार. मी बांधलेली चूल, माझा मान राखायला नको का? पहिल्या घरी मी हे रीत म्हणून केलं. पाचव्या घरापर्यंत मला कळलं होतं की काय चाललंय. तरी निरोप देत राहिले. रीत पुढे करून मी माझ्या दोन बोटांची अब्रू राखत होते. हे लिहायला इतकी वर्षं लागली.

मग हिराबायला ताप आला. मला ते ठाऊक नव्हतं. निरोप दिला होता तो शेजारणीपाशी, तो हिराबायपर्यंत गेलाच नाही. आम्ही दोघी सकाळी भागीबायच्या घरी पोचलो. तिचं घर खाडीच्या बांधाला लागून. आत गेलो तर माझ्या चुलीत जाळ नव्हता. पुढच्या भोकावर सुक्या जवळ्याचा डबा होता आणि मागच्या भोकात, छान पेंढा घालून, कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती आमच्यावर फुलून आली. नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला होता. आणि मागच्या दारातून भाकरीचा वास येत होता.

भागीबाय हातावरची भाकरी तशीच घेऊन आत आली. मला बघून तिचा चेहराच उतरला, मग एकदम भडकली.

"गो यमू! सगल्या बायकांना आदी सांगतेस नि मनाच नाय? हिरा मेली काय? सांगितला असतास तर कोंबरी उठवली असती, चूल सारवली असती. आता ही बाय काय म्हनंल?"

मी खाली बघितलं. मॅडम भागीबायकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. नळी कुठं कलली ते सापडल्यावर माझा जसा होत असेल, तसा चेहरा होता.

"सगळ्यांना सांगता?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली. त्या भागीबायकडे वळून म्हणाल्या, "कोंबडी उठवू नका. भाकरी करपेल, चला, मी मागे येऊन बसते." आणि खरंच मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीजवळ जाऊन बसल्या. मी आतच उभी राहिले, कोंबडीसमोर.

परतताना वडखळ नाक्यावर एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. अलिबागची गाडी गेली, आमची येत नव्हती. मॅडम काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटत होतं, आता ह्यांच्या दोन महिन्यांचं पाणी झालं ते माझ्यामुळे. सरांना काय दाखवतील? आणि खरं लिहिलं तर माझा वर्ग गेला, आणि घराघरात कोंबड्या बसलेल्या माझ्या चुली छापून येतील.

वही उघडून त्या म्हणाल्या, "प्रत्येक पानावर मी लिहीत होते, कोण बोललं नाही. आणि रोज जी माझ्या शेजारी बसत होती तिला मी एकदाही विचारलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "यमुनाताई, तुमच्या घरी भाकरी कुठे होते?"

लग्नात नाव घ्यायची पाळी आली होती तसंच वाटलं. लपवणं सोपं होतं, नुसतं "चुलीवर" म्हटलं असतं तरी खोटं झालं नसतं.

"या कवातरी," मी म्हटलं. "पण मला सांगू नका कधी येताय. सांगितलात तर मी सारवून ठेवीन."

पाच दिवस कुणी आलं नाही. ते पाच दिवस मी रोज पुढची चूल पेटवावी की काय, असा विचार करायचे. माझी स्वतःची पहिली चूल ती, शिकून आल्याबरोबर बांधलेली. भात, डाळ, चहा तिच्यावर व्हायचा. पण तांदळाची भाकरी तिच्यावर होत नव्हती. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांशी उभी टेकवावी लागते, तेव्हा ती फुगते. नव्या चुलीचं तोंड लहान, भाकरी उभी राहायला जागाच नाही. मिठागरावरून दुपारी घरी आलेल्या माणसाला न फुगलेली भाकरी कशी वाढायची? म्हणून मागच्या पडवीत तीन दगड होतेच. आमचे हे मला चिडवायचे, "गावाला साहेबाची चूल नि आमाला दगडाची." मी म्हणायचे, हळू बोला, कुणी ऐकंल.

सहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला मी भाकरी निखाऱ्याशी टेकवली आणि दारात सावली पडली. मॅडम होत्या. माझा हात भाकरीकडे गेला, लपवायला. मग तसाच थांबला. भाकरी फुगायला लागली होती, ती काढली असती तर बसली असती. मी म्हटलं, "बसा. फुगू दे."

त्या पाटावर बसल्या आणि वही काढली. मी आयुष्यात जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दुपारी बोलले. जाळाकडे तोंड करून. भाकरीचं सांगितलं. नळीभोवती कौलं फुटून पावसात गळतं ते सांगितलं. लाकडं बारीक फोडावी लागतात आणि ते काम पण बाईवरच येतं ते सांगितलं. आणि निरोपाचं सांगितलं, रीत किती आणि माझा मान किती, तेही. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "हे घर क्रमांक एक."

"शेवटचं ना?"

"नाही. इथून सुरुवात."

प्रश्न होता बाकीच्या घरांचा. मॅडम म्हणाल्या, आता न सांगता जाऊ. मी म्हटलं, नको. न सांगता गेलो तर बायका खजील होतील आणि ओटीवरूनच वाटेला लावतील. भागीबाय अजून माझ्याशी बोलत नव्हती. निरोप द्यायचाच, पण निराळा. हिराबाय बरी झाली होती. तिला मी म्हटलं, "सांग सगल्यांना, यमू स्वतः मागच्या पडवीत भाकरी करते. तीन दगडांवर. आता येतेय ती भाकरीच्या वेळेला येतेय, चूल सारवू नका."

हिराबाय टोपली खाली ठेवून पोट धरून हसली. "मेले! नि माज्या घरात ती नळी लावून गेलीस!" मग म्हणाली, "हा निरोप मी फुकट नेईन गो. ह्यात मजा हाय."

तिनं तो कसा सांगितला देव जाणे, पण आम्ही गेलो त्या प्रत्येक घरी बाई दारातच हसत उभी होती. आणि मग वह्या भरल्या. खाडीकडच्या घरांत संध्याकाळी डास इतके की धूर हवाच, म्हणून नळीत बोळा. सुकी मासळी चुलीवरच्या बांबूला टांगलेली, धूर लागला नाही तर तिला किडे. माझ्या माहेरच्या बाजूला निराळंच. तिथे वालाचं बियाणं धुरावर ठेवायचे. नव्या चुलीच्या पहिल्या वर्षी भोंगा किडा लागून एकीचं सगळं बियाणं गेलं. ती माझी लांबची आतेबहीण, तिनं मला तेव्हा सांगितलं पण नव्हतं. एकीला मात्र दमा होता, तिची चूल खरंच रोज चालू होती. तिनं तोंड कोयत्यानं उकरून मोठं केलं होतं आणि पुढे विटेचा कट्टा केला होता, भाकरी टेकवायला. माझ्या दोन बोटांच्या खुणा त्यात निम्म्या गेल्या होत्या. मॅडम त्या चुलीसमोर किती वेळ बसून राहिल्या.

एका घरी भिवराआजी म्हणून म्हातारी होती. पहिल्या वेळी मॅडमच्या वहीत "बोलली नाही" यात तिचं नाव होतं. ह्या वेळी ती आपण होऊन म्हणाली, "माजी पाळी कवा? तवा सून बोलली. शिकवलात तुमी सुनेला. पेटवायची कशी, राख काढायची कशी. मना कोनी इचारला? चाळीस वर्सं मी पेटवलेली चूल. आता मी पेटवाया गेलो तर सून म्हनते, आत्याबाय, तुमाला नाय जमायचा." सून मान खाली घालून बसली होती. आजीनं हात पुढे केले, "धूर खाल्ला पन जाळ माजा व्हता."

मी ते बोलणं मॅडमना नीट समजावून सांगितलं. सुनेला मीच शिकवलं होतं, आजीला उंबऱ्याबाहेर बसवून.

त्या सगळ्या दिवसांत मॅडम आनंदात होत्या. दहा घरांत दहा चुली निघाल्या होत्या. मला आनंद आणि वाईट, दोन्ही एकाच वेळी वाटायचं. पेणच्या फलाटावर गाडीची वाट बघताना आम्ही चणे खायचो आणि मॅडम मला विचारायच्या, तुम्हाला काय वाटतं, असं का होतं? मला काय वाटतं असं तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणायचे ते त्या लिहून घ्यायच्या. ते दिवस मला अजून आठवतात. उन्हात चमकणारी मिठाची रास लांबून दिसायची, आणि मी बोलत असायचे.

जायच्या आधी त्या आमच्याकडे जेवायला आल्या. म्हणाल्या, "साहेबांना खरं तेच सांगावं लागेल. तुमच्या वर्गाचं—"

"मला ठाव हाय," मी म्हटलं. "भाकरी घ्या."

वर्ग निघाला नाही. मला कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही. पण त्या वर्षी मी माझ्या कितीतरी चुली फोडल्या. दमावाल्या बाईसारखं तोंड मोठं केलं, पुढे कट्टा घातला. नळीत पत्र्याची पट्टी बसवली. ओढली की धूर घरात, लोटली की बाहेर. डासांच्या वेळेला ओढा, एरवी लोटा. आधी बाईला आणि तिच्या सासूला, दोघींना बसवून विचारायचे, मग माती भिजत घालायचे. योजनेत असली चूल नव्हती. भागीबायची चूल मी कोंबडीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबून मग फोडली. पट्टी लोटून बघून ती म्हणाली, "आता बोलते मी तुज्याशी."

काही वर्षांनी मॅडमचं पुस्तक टपालानं आलं. इंग्रजीत होतं, मला वाचता येत नाही. मुलानं एकेक ओळ सांगितली. पहिलं घर माझं. नाव बदललेलं, मीच तेव्हा माझ्या आईचं नाव सुचवलं होतं. शेजारी फोटो, चुलीच्या तोंडाखाली दोन बोटं. तोवर गावात सिलेंडर यायला लागले होते. ज्या चुली मी दोनदा बांधल्या त्या बायकांनी एकेक करून काढल्या आणि तिथे ओटे झाले. माझीही गेली. वाईट वाटलं. पण धूर गेला तो खराच गेला, तेही खरं.

आता त्या मुलीचं. गेल्या आठवड्यात कॉलेजची एक मुलगी आली, गॅसचा अभ्यास करायला. आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवली होती. माझ्या सुनेनं, मेघानं, शेगडी लिंबू लावून लख्ख घासली होती. मी दाराशी सुपात सोडे निवडत बसले होते. मुलीनं मोबाइल पुढे धरून विचारलं, "वहिनी, स्वयंपाक गॅसवरच करता ना?"

"हो," मेघा म्हणाली. "सगळा गॅसवरच."

मुलीनं खूण केली आणि पुढचा प्रश्न काढला. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सूप खाली ठेवलं आणि त्या मुलीकडे तोंड करून म्हटलं,

"असं विचारू नको गो बाय. भाकरी कुठं होते ते विचार."

मुलगी थांबली. मेघानं माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला, आणि हसत हसत उठून मागच्या पडवीचं दार उघडलं.